फोनचा बाजार खुला कसा झाला आणि आता पुढे काय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेलिकॉम धोरण म्हटलं की लोक पान उलटतात, कारण त्यात लायसन्स, स्पेक्ट्रम, एजीआर असले शब्द येतात आणि डोकं भणभणतं. पण तुमच्या महिन्याच्या रिचार्जचा आकडा आणि तुमच्या गावात टॉवर आहे की नाही, हे त्याच धोरणातून ठरतं. म्हणून सारखे विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र घेतलेत. भर भारतावर आहे, पण मेक्सिको, नायजेरिया, म्यानमार हेही मध्ये येतील, कारण त्यांच्याशेजारी ठेवून बघितलं की आपलं काय बरोबर झालं आणि काय हुकलं ते चटकन कळतं.

उदारीकरण म्हणजे खासगीकरणच ना?

नाही, आणि निम्मे वाद इथेच भरकटतात. खासगीकरण म्हणजे सरकारी कंपनी विकणं. उदारीकरण म्हणजे इतरांना त्या धंद्यात उतरायला परवानगी देणं. दोन्ही एकत्र होऊ शकतात, एकाशिवाय दुसरंही होऊ शकतं. आपण बीएसएनएल विकली नाही तरी बाजार खुला झाला. मेक्सिकोने उलटं केलं, १९९० च्या डिसेंबरमध्ये टेलमेक्स ही सरकारी कंपनी कार्लोस स्लिम यांच्या गटाला आणि त्यांच्या परदेशी भागीदारांना विकली, आणि वर लांब पल्ल्याच्या कॉलवरची मक्तेदारी पुढची काही वर्षं त्यांच्याकडेच राहू दिली. म्हणजे मालक बदलला, ग्राहकाला पर्याय मात्र मिळालाच नाही. स्लिम पुढे जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांत गेले आणि मेक्सिकन ग्राहक कितीतरी वर्षं महाग बिलं भरत राहिला. तिथे खरा धाक बसला तो २०१३ साली घटनेत बदल करून ताकदवान नियामक आणला तेव्हा.

माझं स्पष्ट मत आहे की मालक सरकारी की खासगी हा दुय्यम प्रश्न आहे. ग्राहकाला दुसरीकडे जाता येतं का, आणि नव्या कंपनीला जुन्या कंपनीच्या नेटवर्कशी वाजवी दरात जोडून घेता येतं का, हे दोन प्रश्न पहिले.

१९९४ च्या आधी खरंच इतकी वाईट परिस्थिती होती का?

हो. ज्या १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने बाजार खुला केला, त्यातच लिहिलंय की तेव्हा शंभर माणसांमागे ०.८ फोन होते, जगाची सरासरी होती १०. अख्ख्या देशात मिळून ८० लाखांच्या आसपास लाइन आणि साधारण २५ लाख लोक वेटिंग लिस्टवर. पावणेसहा लाखांहून जास्त गावांपैकी फोन पोचला होता फक्त १ लाख ४० हजारांच्या आसपास गावांत.

आकड्यांपेक्षा रोजचं जगणं आठवा. फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं थांबायचं, जास्त डिपॉझिट भरून ओवायटी म्हणजे ‘ओन युअर टेलिफोन’ योजनेत नंबर लावायचा, नाहीतर खासदाराच्या कोट्यातून मिळतो का ते बघायचं. मिळाला की पेढे वाटायचे आणि मग आख्ख्या वाडीचा तो फोन, शेजारच्यांचे निरोप तुम्हीच सांगायचे. परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून बसायचं, घाई असेल तर लाइटनिंग कॉल, त्याचे पैसे कितीतरी पट. आणि लाइन बंद पडली की लाइनमनच्या मागे लागायचं, कारण जायला दुसरीकडे जागाच नव्हती.

म्हणजे सरकारी खात्याने काहीच चांगलं केलं नाही?

असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९८४ साली सी-डॉट हे सरकारी दूरसंचार संशोधन केंद्र सुरू झालं, सॅम पित्रोदांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे, आणि तिथल्या इंजिनिअर लोकांनी आपल्या हवेला, धुळीला आणि सारखी जाणाऱ्या विजेला टिकेल असं छोटं ग्रामीण एक्सचेंज, म्हणजे कॉल जोडणारं यंत्र, बनवलं, ज्याला एसीची गरज नव्हती. बाहेरून आणलेली मोठाली एक्सचेंजेस तालुक्याच्या गावात टिकली नसती. हे काम फार मोठं होतं आणि त्याचं श्रेय कमी मिळतं.

दुसरी गोष्ट पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ बूथ. काचेची केबिन, आत फोन, वर लाल आकड्यांचं मीटर. पल्स पडत जायचा तसा आकडा वर चढायचा आणि बोलणाऱ्याची नजर त्या आकड्यावरच, आई पलीकडून जेवलास का विचारतेय आणि इकडे पोरगा खिशातले पैसे मोजतोय. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा म्हणून मुंबईत, पुण्यात होस्टेलची पोरं, गिरणीतले, हॉटेलातले कामगार बूथबाहेर रांग लावून उभे. नियम बदलला एवढाच, की फोन घरोघरी देता येत नसेल तर निदान कोपऱ्यावर द्या, आणि तो चालवायला सामान्य माणसाला कमिशनवर द्या. अपंग व्यक्तींना, माजी सैनिकांना बूथ देताना प्राधान्य होतं, कितीतरी घरं त्यावर चालली. बाजार खुला होण्याची पहिली झलक मला तरी तिथेच दिसते, कागदावर काहीही लिहिलेलं असो.

१९९५ ला मोबाइल आला, मग स्वस्त व्हायला इतकी वर्षं का लागली?

३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना पहिला कॉल लावला. मुंबईत बीपीएल आणि मॅक्सटच अशा दोन कंपन्या आल्या. कॉल मिनिटाला १६ रुपयांच्या घरात आणि इनकमिंगलाही पैसे. तेव्हाचे १६ रुपये म्हणजे काय ते ज्यांनी तेव्हा संसार केलाय त्यांना विचारा. मोबाइल वाजला की लोक नंबर बघायचे, कट करायचे आणि जवळचा पीसीओ शोधायचे.

महाग असण्याचं मोठं कारण लायसन्स द्यायची पद्धत. महानगरं सोडून बाकी सर्कलसाठी, म्हणजे साधारण एकेका राज्याएवढ्या विभागांसाठी, लिलाव झाला आणि जो जास्त वार्षिक फी कबूल करेल त्याला लायसन्स असं ठरलं. कंपन्यांनी भान सोडून बोली लावल्या. लँडलाइनच्या लिलावात तर हिमाचल फ्युच्युरिस्टिक नावाच्या, त्यामानाने लहान कंपनीच्या गटाने नऊ सर्कलसाठी ८५ हजार कोटींच्या आसपासच्या बोली लावल्या, आणि मग सरकारने एका कंपनीला किती सर्कल मिळतील यावर नंतर मर्यादा घातली, त्यावरून गदारोळ. ग्राहक मोजकेच, फी मात्र ठरलेली, धंदा होवो न होवो भरायचीच. मग ते पैसे कोणाकडून काढणार? जो थोडाफार ग्राहक आहे त्याच्याकडूनच. दर चढे, म्हणून ग्राहक कमी, ग्राहक कमी म्हणून पैसे कमी, १९९८-९९ पर्यंत बहुतेक कंपन्या फी थकवून बसल्या होत्या.

सरकारला लिलावात जास्तीत जास्त पैसे मिळाले म्हणजे जनतेचा फायदा झाला असं आजही पुष्कळ लोकांना वाटतं. हा हिशोब अर्धाच आहे. तिजोरीत एकरकमी आलेला पैसा कोणीतरी नंतर दरमहा भरत असतो.

मग १९९९ मध्ये असं काय बदललं?

नवीन दूरसंचार धोरण आलं आणि ठरलेली फी काढून टाकून उत्पन्नातला हिस्सा घ्यायची पद्धत आणली. म्हणजे कंपनीने १०० रुपये कमावले तर त्यातले काही टक्के सरकारचे, कमावले नाहीत तर नाहीत. सुरुवातीला हा हिस्सा १५ टक्के होता, नंतर टप्प्याटप्प्याने कमी केला. आता सरकार आणि कंपनी दोघांचाही फायदा ग्राहक वाढण्यात होता. कंपन्यांवर मेहेरबानी केली अशी टीका तेव्हा झाली आणि त्यात तथ्य होतं, करार करून नंतर मोडायला मिळाला तर बोली लावताना कोण विचार करेल? पण तो निर्णय झाला नसता तर मोबाइल श्रीमंतांचं खेळणंच राहिलं असतं, यावर मी ठाम आहे.

त्या धोरणात लिहिलं होतं की २००५ पर्यंत शंभर माणसांमागे ७ फोन आणि २०१० पर्यंत १५. प्रत्यक्षात २०१० मध्ये आकडा ५० च्या पुढे गेला होता. सरकारी टार्गेट असं तिपटीने ओलांडलं गेल्याची दुसरी उदाहरणं शोधावी लागतील.

मग एकेक दार उघडत गेलं. २००० साली देशांतर्गत लांब पल्ल्याची सेवा खुली झाली, त्याच वर्षी १ ऑक्टोबरला दूरसंचार खात्यातून बीएसएनएल वेगळी काढली, २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉलवरची व्हीएसएनएल या सरकारी कंपनीची मक्तेदारी संपली. १९९९ च्या सुमारास हजार किलोमीटरवर एसटीडी म्हणजे मिनिटाला ३० रुपये, आणि २००६ च्या मार्चमध्ये बीएसएनएल आणि मुंबई-दिल्लीतली सरकारी कंपनी एमटीएनएल यांनी देशभर १ रुपयात मिनिट देऊ केलं. सात वर्षांत ३० चा १.

ट्राय, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणारी नियामक संस्था, कशाला लागते? बाजार खुला केला की कंपन्या आपोआप भांडून दर उतरवतील ना?

उतरवतील, पण खेळाडूच अंपायर असेल तर मॅच कशी होणार? १९९४ पासून दूरसंचार खातं स्वतः धोरण ठरवायचं, लायसन्स द्यायचं, आणि स्वतःच फोन सेवाही चालवायचं. खासगी कंपनी तक्रार घेऊन जाणार कोणाकडे, तर प्रतिस्पर्ध्याकडे. १९९७ मध्ये कायदा करून ट्राय आली, तरी पहिली काही वर्षं खातं तिला मानायलाच तयार नव्हतं, एमटीएनएलच्या मोबाइल लायसन्सवरून प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि तिथे ट्रायचा अधिकार तोकडा ठरला. मग २००० साली कायदा बदलला, वाद सोडवायचं काम टीडीसॅट या वेगळ्या न्यायाधिकरणाकडे गेलं आणि ट्रायकडे दर, जोडणी, सेवेचा दर्जा हे विषय नीट आले. लायसन्स देणं मात्र आजही सरकारच्या हातात, ट्राय फक्त शिफारस करते.

क्रम बघा. बाजार १९९४ ला खुला, नियामक १९९७ ला आणि त्याला दात फुटले २००० नंतर. उलट्या क्रमाने केलं असतं तर पाच-सहा वर्षांची कोर्टबाजी वाचली असती. १९९७ च्या फेब्रुवारीत जागतिक व्यापार संघटनेत ६९ सरकारांनी मूलभूत दूरसंचार सेवांबद्दल करार केला, त्याच्यासोबतच्या तत्त्वांमध्ये हेच होतं, नियामक सेवा देणाऱ्या कंपनीपासून वेगळा पाहिजे आणि मोठ्या कंपनीने इतरांना वाजवी दरात जोडून घेतलं पाहिजे.

हे जोडून घेणं, इंटरकनेक्शन, म्हणजे काय? सगळे ते इतकं का लावून धरतात?

कारण सगळा खेळ तिथेच आहे. समजा साताऱ्यात तुमच्याकडे एका कंपनीचं सिम आहे आणि कणकवलीला मामाकडे बीएसएनएलचा लँडलाइन. तुमचा कॉल तुमच्या कंपनीच्या टॉवरवरून तिच्या स्विचला जातो, तिथून एका जोडणीतून बीएसएनएलच्या नेटवर्कमध्ये शिरतो आणि मामाच्या फोनपर्यंत पोचतो. ती जोडणी बीएसएनएलने द्यायला उशीर केला, किंवा कमी क्षमतेची दिली, किंवा तिच्यासाठी भरमसाट पैसे मागितले, तर तुमच्या कंपनीकडे जगातलं उत्तम तंत्रज्ञान असूनही तुमचा कॉल लागणार नाही. आणि कॉल लागला नाही की तुम्ही शिव्या तुमच्याच कंपनीला घालणार. म्हणून जुन्या, मोठ्या कंपनीला नव्याचा गळा दाबायचा असेल तर दर कमी करायची गरजच नाही, नुसती जोडणी लांबवली तरी भागतं.

ही भीती पुस्तकी नाही. २०१६ मध्ये जिओ सुरू झाली तेव्हा तिचे इतर नेटवर्कवर जाणारे कॉल मोठ्या प्रमाणात लागत नव्हते, पुरेशा जोडण्या दिल्या नाहीत म्हणून ट्रायने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियावर मिळून ३०५० कोटींच्या दंडाची शिफारस केली. समोरच्यांचं म्हणणं होतं की फुकट कॉलचा पूर आमच्या अंगावर सोडलाय, आम्ही किती पुरे पडणार. दोन्ही बाजूंना वकील भरपूर होते, ग्राहक मात्र फोन कानाला लावून बसला होता.

आणि पैशाचं. कॉल जिथे संपतो त्या कंपनीला कॉल सुरू करणाऱ्या कंपनीने मिनिटामागे काही पैसे द्यायचे असा नियम होता. मोबाइलसाठी हा दर २००९ ला २० पैसे होता, २०१५ ला १४, २०१७ ला ६, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. आकडा पैशांतला, पण कोट्यवधी मिनिटांना गुणा म्हणजे एकेक पैशासाठी कंपन्या कोर्टात का जायच्या ते कळेल. नव्या कंपनीचे कॉल जास्त बाहेर जातात म्हणून तिला हा दर कमी हवा असतो, जुन्या कंपनीकडे कॉल येतात म्हणून तिला जास्त.

इनकमिंग फ्री कधी झालं?

१ मे २००३ पासून, जो कॉल लावेल तोच पैसे देईल ही पद्धत आली तेव्हा. माझ्या मते या एका बदलाने रिक्षावाल्याच्या, प्लंबरच्या, घरकामाला जाणाऱ्या बाईच्या हातात फोन आला, कारण आता बॅलन्स नसला तरी काम सांगायला लोक फोन करू शकत होते. मिस्ड कॉलचं शास्त्रही तेव्हाच विकसित झालं, एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये.

रिलायन्सच्या ५०१ रुपयांच्या फोनने क्रांती झाली असं म्हणतात, खरंय?

बऱ्यापैकी खरंय, पण त्यामागची भानगडही सांगायला हवी. लँडलाइनचं लायसन्स असलेल्या कंपन्यांना तार न टाकता वायरलेसने घरापर्यंत फोन द्यायची मुभा होती आणि मग त्यातच शहरापुरती मर्यादित फिरण्याची सोयही मिळाली. रिलायन्स आणि टाटा यांनी सीडीएमए तंत्रावर हे केलं, लायसन्स स्वस्तातलं आणि ग्राहकासाठी जवळजवळ मोबाइलच. ज्यांनी मोबाइल लायसन्ससाठी पैसे मोजले होते ते चिडले, साहजिक आहे. प्रमोद महाजन संचारमंत्री असताना हे भांडण जोरात होतं, आणि अरुण शौरी आल्यावर २००३ च्या नोव्हेंबरमध्ये एकत्रित लायसन्स आणून मिटवलं. नियमातल्या फटीतून घुसलेल्याला नंतर पैसे घेऊन रीतसर केलं गेलं, हे चांगलं उदाहरण नाही. तरीही त्या धडाक्याने दर खाली आले ते परत वर गेले नाहीत, हेही तितकंच खरं.

टूजी घोटाळा झाला की नाही झाला?

तारखेने घ्या. २००८ च्या जानेवारीत टूजीची, म्हणजे तेव्हाच्या मोबाइल सेवेची, १२२ लायसन्स दिली गेली, प्रथम येईल त्याला प्रथम या तत्त्वावर आणि २००१ च्या दराने, म्हणजे देशभरासाठी १६५८ कोटींना. अर्जाची शेवटची तारीख मागे आणली गेली. २०१० मध्ये कॅगने १ लाख ७६ हजार कोटींचा अनुमानित तोटा सांगितला. २ फेब्रुवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टाने सगळी १२२ लायसन्स रद्द केली, वाटपाची पद्धत मनमानी होती म्हणून. आणि २१ डिसेंबर २०१७ ला विशेष सीबीआय कोर्टाने पुराव्याअभावी सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं.

म्हणजे वाटप चुकीचं होतं हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय आणि गुन्हा सिद्ध झाला नाही हे खालच्या कोर्टाने. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. १ लाख ७६ हजार हा आकडा मात्र कोणाच्या घरात गेलेली रोकड नव्हे, लिलाव केला असता तर किती मिळाले असते याचा तो अंदाज होता.

इतर विकसनशील देशांत काय झालं?

नायजेरियाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. २००१ च्या आधी बारा कोटींच्या देशात चालू लाइन होत्या चार-पाच लाख. २००१ च्या जानेवारीत त्यांच्या नियामकाने लायसन्सचा उघड लिलाव केला, प्रत्येकी २८.५ कोटी डॉलर, आणि तो इतका स्वच्छ झाला की त्याचं नाव बाहेरही झालं. सुरुवातीला तिथेही दर महाग, मिनिटावर बिल. २००३ मध्ये ग्लोबाकॉम ही देशी कंपनी आली ती पहिल्या दिवसापासून सेकंदावर बिल घेऊन, आणि बाकीच्यांना मागे यावं लागलं. आपल्याकडे सेकंदाचं बिलिंग टाटा डोकोमोने गाजवलं २००९ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी.

केनियात २००७ ला एम-पेसा सुरू झालं, फोनवरून पैसे पाठवायची सोय, आणि तिथल्या केंद्रीय बँकेने ते आधीच नियमात गुदमरवलं नाही. पण ते चालवणारी फोन कंपनी सफारीकॉम त्यामुळे इतकी मोठी झाली की नंतर तिला आवरायचं कसं हाच प्रश्न.

म्यानमारमध्ये लष्कराच्या काळात एकेक सिम शेकडो डॉलरला विकलं जायचं. २०१४ मध्ये टेलिनॉर आणि उरिडू या परदेशी कंपन्या आल्या आणि सिम दीड डॉलरवर आलं. लोकांनी दुकानांपुढे रांगा लावल्या. मग २०२१ चं लष्करी बंड झालं, २०२२ मध्ये टेलिनॉर देश सोडून गेली. राज्यव्यवस्थाच कोसळली तर खुला बाजार ग्राहकाला वाचवू शकत नाही. इथिओपियाने तर २०२१ पर्यंत दुसऱ्या कंपनीला लायसन्सच दिलं नव्हतं.

जिओ आल्याने भलं झालं की बुरं?

५ सप्टेंबर २०१६ नंतर डेटा इतका स्वस्त झाला की गावाकडची पोरं यूट्यूबवर स्पर्धा परीक्षेचे क्लास बघायला लागली, शेतकरी बाजारभाव बघायला लागला. हे भलंच. पण दुसरी बाजू मोजायलाच हवी. २०१० च्या सुमारास एकेका सर्कलमध्ये दहा-बारा कंपन्या होत्या. मग एअरसेल दिवाळखोरीत गेली, आरकॉम म्हणजे रिलायन्स कम्युनिकेशन्स गेली, टाटांचा मोबाइल धंदा आणि टेलिनॉरचा भारतातला धंदा एअरटेलमध्ये गेले, २०१८ च्या ऑगस्टमध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. आज जिओ आणि एअरटेल या दोघांकडेच सत्तर टक्क्यांहून जास्त ग्राहक आहेत.

दोष एकट्या जिओवर टाकू नये, दहा-बारा कंपन्या टिकणाऱ्या नव्हत्याच. मला चिंता आहे ती नियम करणाऱ्यांची. एखादी कंपनी महिनोन् महिने फुकट सेवा देते तेव्हा पुढे स्पर्धकच उरले नाहीत तर काय, हा विचार नियामकाने तेव्हाच करायचा असतो. नंतर चार कंपन्या परत उभ्या करता येत नाहीत, कारण स्पेक्ट्रम, म्हणजे सरकारकडून घ्यायच्या रेडिओ लहरी, आणि टॉवरला लागणारा पैसा आता कोणी नवखा आणूच शकत नाही.

एजीआरचं लफडं काय होतं?

१९९९ ला उत्पन्नातला हिस्सा ठरला, आणि ज्या उत्पन्नावर तो मोजायचा त्याला म्हणतात एजीआर. पण उत्पन्न म्हणजे कुठलं? कंपन्या म्हणाल्या फोन सेवेचं. खातं म्हणालं सगळं, बँकेचं व्याज, भाडं, वस्तू विकून आलेले पैसे, सगळं. हा वाद वर्षानुवर्षं चालला आणि २४ ऑक्टोबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाने खात्याच्या बाजूने निकाल दिला. मागची थकबाकी, व्याज, दंड, दंडावर व्याज मिळून आकडा गेला जवळपास दीड लाख कोटींवर. व्होडाफोन आयडिया यात जवळजवळ बुडाली. मग २०२१ मध्ये सरकारने सवलती दिल्या, पुढच्यासाठी व्याख्या बदलली, थकीत व्याजाच्या बदल्यात शेअर घेतले आणि २०२५ मध्ये त्या कंपनीतला सरकारचा वाटा ४९ टक्क्यांच्या आसपास गेला. करारातला एक शब्द वीस वर्षं लोंबकळत ठेवला की असं होतं.

बीएसएनएल का मागे पडली?

एका वाक्यात सांगता येत नाही. सामानाची मोठी टेंडरं रखडली, रद्द झाली, बाकीचे फोरजी विकत असताना बीएसएनएलकडे फोरजीचं नेटवर्कच नव्हतं. कर्मचारी खर्च प्रचंड, २०२० मध्ये ७८ हजारांवर लोकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. सरकारने २०१९ पासून तीन मोठी पॅकेजेस दिली आणि टीसीएस, तेजस या कंपन्या आणि सी-डॉट यांनी मिळून देशी फोरजी उभं केलं. मला बीएसएनएल जगायला हवी आहे, ती उत्तम आहे म्हणून नाही, तर तिसरा-चौथा पर्याय असल्याशिवाय बाकीच्यांना धाक राहत नाही म्हणून. २०२४ च्या जुलैमध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा लोक बीएसएनएलकडे वळले, तो धाक कसा असतो ते तेव्हा दिसलं.

आमच्या गावात अजून रेंज नाही. खुल्या बाजाराचा आम्हाला काय उपयोग?

रास्त प्रश्न आहे आणि याचं उत्तर बाजाराकडे नाही. डोंगरातल्या वीस घरांच्या वाडीसाठी टॉवर उभा करायचा, डिझेल वाहायचं, केबल ओढायची, त्यात कुठल्याच कंपनीला नफा नाही. म्हणून प्रत्येक कंपनीच्या उत्पन्नातून ५ टक्के वेगळे काढून सार्वत्रिक सेवा निधी केला, २००२ पासून. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यात त्याला डिजिटल भारत निधी असं नाव मिळालं. म्हणजे मुंबई-पुण्याचा ग्राहक जो रिचार्ज करतो त्यातले काही पैसे मेळघाटच्या, गडचिरोलीच्या टॉवरसाठीच असतात. गडचिरोलीत नक्षलग्रस्त भागाच्या योजनेतून याच निधीतले टॉवर उभे राहिले.

पण निधीतली मोठी रक्कम कितीतरी वर्षं पडूनच राहिली, आणि याचा राग यायला हवा. पैसा गोळा झालाय, कायदा आहे, गरज डोळ्यांसमोर आहे, आणि बाळंतपणाची गाडी बोलवायला माणूस टेकडीवर चढून रेंज शोधतोय. आज शहरात शंभर माणसांमागे फोन शंभरहून कितीतरी जास्त आहेत आणि गावात साठीच्या आसपास. गावोगाव इंटरनेट नेणाऱ्या भारतनेट या सरकारी योजनेची केबल ग्रामपंचायतीपर्यंत पोचली तरी पुष्कळ ठिकाणी तिथलं मशीन बंद पडलेलं असतं. ग्रामसभेत हे विचारा, कारण ग्रामपंचायतीच्या पातळीवर कोणी पाठपुरावा केला नाही तर कागदावर गाव जोडलेलं दाखवतात.

फक्त बोलायला फोन लागतो, तरी डेटाचं महाग पॅक का घ्यायचं?

आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत, बटणाचा फोन, तो मुंबईतल्या लेकाचा कॉल घ्यायला. दर २८ दिवसांनी त्या रोज दीड जीबी डेटाचे पैसे भरत होत्या, कारण दुकानदाराने तेवढंच पॅक आहे म्हणून सांगितलं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ट्रायने नियम बदलून फक्त कॉल आणि एसएमएसचं पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं, ३६५ दिवसांपर्यंतची मुदतही देता येते. ही पॅक ॲपमध्ये ठळक दिसत नाहीत, मागून घ्यावी लागतात. घरातल्या वयस्कर माणसांचं रिचार्ज एकदा तपासा.

दर ट्राय का ठरवत नाही?

मोबाइलच्या दरांत ट्राय साधारण हात घालत नाही, कंपनीने दर कळवायचे आणि ट्रायने लक्ष ठेवायचं असं २००२ पासून चाललंय. दहा स्पर्धक असताना हे योग्यच होतं. दोन-तीन उरल्यावरही तसंच चालू ठेवायचं का, हा प्रश्न आता मोठ्याने विचारायला हवा.

आम्ही सामान्य माणसं यात काय बोलणार?

बोललात तर फरक पडतो, पुरावा आहे. २०१५ मध्ये ट्रायने इंटरनेटवरच्या सेवांबद्दल मतं मागवली तेव्हा १० लाखांवर ईमेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने वेबसाइटनुसार वेगवेगळे दर लावायला बंदी केली आणि ठरावीक साइट फुकट दाखवणारं फेसबुकचं फ्री बेसिक्स इथे बंद पडलं. ट्राय प्रत्येक मोठ्या विषयावर आधी चर्चेचा मसुदा काढते, तो साइटवर असतो, त्यावर कोणीही लिहू शकतं.

कंपनीने चुकीचे पैसे कापले तर तक्रार कुठे करायची?

आधी कंपनीच्या कस्टमर केअरला, आणि तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे, त्याचा पत्ता कंपनीच्या साइटवर द्यावाच लागतो. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, लोक तिथे अर्ज पाठवून वाट बघत बसतात. अपिलातही काही झालं नाही तर दूरसंचार विभागाच्या तक्रार पोर्टलवर लिहा.

कंपनी बदलायची असेल तर आपल्याच फोनवरून पोर्ट हा शब्द इंग्रजीत, मग स्पेस, मग आपला नंबर टाइप करून १९०० ला एसएमएस पाठवा. कोड येतो, तो चार दिवस चालतो. नवीन सिम नुकतंच बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं, तो नियम सिम चोरून होणाऱ्या फसवणुकीसाठी २०२४ मध्ये आणलाय. पोस्टपेडचं बिल थकलेलं असेल तर विनंती नाकारली जाते, तेव्हा आधी ते भरा.